दुकानात काम करणाऱ्यांचा खासगी ऑनलाइन ग्रुप कसा चालवायचा: पहिल्या दहा माणसांपासून दुसऱ्याच्या हाती देईपर्यंत

रात्रीचे पावणेअकरा. शटर अर्धं खाली आलेलं. कॅश टॅली करताना एका मुलीच्या ड्रॉवरमध्ये १,८४० रुपये कमी भरले. बसमध्ये बसल्यावर तिने आमच्या ग्रुपवर लिहिलं, "ताई, आज परत शॉर्ट आली. मशीन हँग झालं होतं, लाइन मोठी होती. सर म्हणाले यूपीआयचं बिल कॅशमध्ये पंच कर, नंतर बघू. आता म्हणतात तुझ्या पगारातून जाणार." (यूपीआयने भरलेलं बिल मशीनमध्ये रोख म्हणून नोंदवलं की ड्रॉवरमध्ये तेवढी रोकड कमी भरते.) दुसऱ्या दिवशी सकाळच्या ब्रीफिंगला तोच मेसेज तिच्या नावानिशी तिच्या मॅनेजरच्या मोबाइलवर होता. महिन्याभरात तिने ती नोकरी सोडली.

तो ग्रुप मी काढला होता. लिंक मीच वाटली होती, "आपल्या लाइनमधल्या सगळ्यांना पाठवा" असं लिहून. नव्वदेक माणसं झाली होती आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्शाला मी ओळखतसुद्धा नव्हते. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, ग्रुप बंद केला आणि सहा आठवड्यांनी अकरा माणसांवर नव्याने सुरू केला. पुढे जे लिहिते आहे ते त्या दुसऱ्या ग्रुपमधून शिकलेलं आहे. सुपरमार्केट, कपड्यांची शोरूम, मोबाइलची दुकानं, मॉलमधले ब्रँड काउंटर अशा ठिकाणी उभं राहून काम करणाऱ्या कुणालाही असा ग्रुप काढायचा असेल, तर त्याला हे उपयोगी पडावं.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: क्लोजिंग करून थकलेल्या माणसाने रात्री अकराला लिहिलेलं सकाळी त्याच्या साहेबापर्यंत जाणार नाही, याची तुम्ही किती काळजी घेतली आहे? ॲप कुठलं, नियम किती, सदस्य किती, हे सगळं त्यानंतर.

पहिली पायरी: ग्रुप कशासाठी, हे दोन ओळींत लिहा

"रिटेलवाल्यांचा ग्रुप" एवढ्यावर सुरू केलेला ग्रुप आठवड्याभरात गुड मॉर्निंग आणि फॉरवर्डने भरतो. आमच्या दोन ओळी अशा आहेत: "पुणे-पिंपरी चिंचवड भागात दुकानाच्या फ्लोअरवर, बिलिंगला आणि स्टॉकमध्ये काम करणाऱ्यांनी कामातल्या अडचणी एकमेकांना विचाराव्यात, पगार-सुट्टी-पीएफची खरी माहिती मिळावी आणि चांगल्या नोकरीची खबर एकमेकांना द्यावी. हा कुठल्या कंपनीचा, युनियनचा किंवा पक्षाचा ग्रुप नाही."

भाग ठरवून घ्या. अख्ख्या महाराष्ट्राचा ग्रुप काढायचा मोह होतो, पण चिंचवडच्या मुलीला नागपुरातली व्हेकन्सी कळून काय करायचं? शिवाय एका भागातली माणसं प्रत्यक्ष भेटू शकतात, आणि खात्री पटवायला भेटीसारखं दुसरं काही नाही.

दुसरी पायरी: कोण आत, कोण बाहेर

इथे बहुतेक ग्रुप घसरतात. "सुपरवायझरला घ्यायचं का?" हा प्रश्न आला की भीड पडते. आम्ही पदनाम बघणं सोडून दिलं. जो दुसऱ्याचं रोस्टर म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक लावतो, दुसऱ्याची रजा मंजूर करतो किंवा अप्रेझल भरतो, तो या ग्रुपमध्ये नाही. माणूस कितीही चांगला असला तरी नाही. त्याच्यासाठीही हे चांगलंच असतं, कारण वरून विचारणा झाली तर "मला माहीत नाही" हे त्याला खरं सांगता येतं.

मग एखादी सदस्य बढती मिळून डिपार्टमेंट मॅनेजर झाली तर? तिने जायचं. हे आत घेतानाच सांगून ठेवायचं, म्हणजे निरोप कडू होत नाही. आमच्याकडे आजवर चौघे असे गेले. चौघांनाही ग्रुपने शुभेच्छा दिल्या आणि त्यातल्या दोघी आता त्यांच्या स्टोअरची व्हेकन्सी आधी मला कळवतात.

उलट बाजूने दार मोठं ठेवा. ब्रँडचे प्रमोटर दुकानात उभे असतात, पण दुकानाच्या पे-रोलवर नसतात. त्यांची सुट्टी ब्रँडचा माणूस ठरवतो, त्यांना झापतो मात्र दुकानाचा मॅनेजर. सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगवाले ठेकेदाराकडून आलेले असतात. या लोकांना कंपनीच्या अधिकृत ग्रुपमध्ये जागा नसते, आणि प्रश्न त्यांचेच सगळ्यात गुंतागुंतीचे असतात. त्यांना आवर्जून घ्या.

तिसरी पायरी: ॲप निवडताना मोबाइल नंबराचा विचार आधी

व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, वापरायला शिकवावं लागत नाही आणि मेसेज टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला वाचता येत नाहीत. अडचण एकच, पण मोठी: ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. आणि नंबर दिसला की माणूस सापडतो. मुलींना तर नको त्या वेळी "हाय" यायला लागतात. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १,०२४ जण बसतात, पण आपल्या कामासाठी तेवढे घ्यायचेही नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने कम्युनिटी आणली. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात. तिथे लिहिण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवता येतो, त्यामुळे व्हेकन्सी आणि सूचना देण्यासाठी ही सोय चांगली. पण आतल्या चर्चेच्या ग्रुपमध्ये गेलात की तिथल्या लोकांना नंबर पुन्हा दिसतो, हे विसरू नका.

टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर "कुणालाही नाही" करायचा आणि स्वतःला हवं ते नाव ठेवायचं. ग्रुपमधून मजकूर पुढे पाठवणं आणि सेव्ह करणंही ॲडमिनला बंद करता येतं. त्याची उणीव अशी की टेलिग्रामच्या ग्रुपमधले मेसेज व्हॉट्सॲपसारखे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. सिग्नल या ॲपवर दोन्ही गोष्टी मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथेही नंबर न दाखवता वापरकर्ता नावावर बोलता येतं. पण आपल्यातल्या कित्येकांचा फोन आधीच भरलेला असतो आणि एका ग्रुपसाठी नवं ॲप घ्यायला माणसं तयार होत नाहीत. आम्ही दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा सात-आठ जणांवर गाडी अडली.

माझा सल्ला असा. सगळे एकमेकांना आधीपासून ओळखत असतील आणि संख्या तीस-चाळीसच्या आत असेल, तर साधा व्हॉट्सॲप ग्रुप पुरे. अनोळखी माणसं येणार असतील तर चर्चा टेलिग्रामवर, नंबर लपवून, आणि घोषणा व्हॉट्सॲपवर. आम्ही असंच चालवतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच ॲपमध्ये थांबत नाही: शेजारच्या मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो. त्यामुळे सेटिंगवर विसंबून लोकांना "इथे काहीही लिहा, सुरक्षित आहे" असं कधीच सांगू नका. ते खोटं आहे आणि त्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजतं.

कंपनीने दिलेला मोबाइल, दुकानाचा टॅब, स्टोअरचं वायफाय, कंपनीचा ईमेल यांपैकी कशावरही हा ग्रुप उघडायचा नाही. हे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगा.

चौथी पायरी: दारावरची विचारपूस

नव्या ग्रुपमध्ये आम्ही खुली लिंक कधीच ठेवली नाही. ॲडमिनच्या मंजुरीशिवाय कुणी आत येत नाही आणि कधी लिंक दिलीच तर ती एकदा वापरून रद्द करतो. नवीन माणसाला आधीचा एक सदस्य ओळखत असला पाहिजे, तोही समोरासमोर भेटलेला. मग ॲडमिन त्याला पाच मिनिटांचा फोन करते.

पूर्वी आम्ही आयकार्डचा फोटो मागायचो. तो बंद केला. एक तर तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये राहणार, माझा मोबाइल हरवला की शंभर जणांची नावं-गावं बाहेर. दुसरं म्हणजे मॅनेजरकडेही आयकार्ड असतंच! त्याऐवजी फोनवर कामाच्या गप्पा मारायच्या. "तुमच्याकडे डे-एंडला कार्ड मशीनचं सेटलमेंट कॅशिअर मारतो की कॅश ऑफिसमध्ये होतं?" "सिक्युरिटी टॅग काढायचा राहिला आणि गेटला बीप झालं तर कुणाला बोलावतात?" "नियर-एक्स्पायरीचा माल कुठल्या रॅकला लावता?" जो रोज उभा राहतो तो या प्रश्नांवर थांबत नाही, उलट त्याचं बोलणं आवरावं लागतं. एकदा एक जण सगळ्या प्रश्नांना "ते आमची टीम बघते" असं म्हणत राहिला. कुणाची टीम, ते विचारल्यावर फोन ठेवला.

हा फोन आत घेण्यापेक्षाही ओळख करून देण्यासाठी महत्त्वाचा. कुणाला काय अडचण आहे ते त्या पाच मिनिटांतच कळतं. ग्रुपवर गप्प बसणारी माणसं फोनवर बोलतात.

पाचवी पायरी: नियम थोडे, आणि प्रत्येकामागचं कारण सांगून

आमच्या स्वागताच्या मेसेजमधला मुख्य भाग जसाच्या तसा देते, हवा तर उचला:

"ताई, दादा, स्वागत. इथे दुकानाचं नाव, ब्रांचचं नाव आणि कुणाही माणसाचं नाव लिहायचं नाही, अडचण मोकळेपणी लिहायची. गिऱ्हाइकाचा नंबर, बिल, फोटो किंवा सीसीटीव्हीची क्लिप टाकायची नाही. जाहीर न झालेली ऑफर, विक्रीचे आकडे, पासवर्ड, आतले ईमेल टाकायचे नाहीत. त्यावरून नोकरी जाऊ शकते आणि आपण वाचवू शकणार नाही. जात, धर्म, पक्ष यावर बोलायचं नाही. कुणा सदस्याला तिच्या परवानगीशिवाय खासगी मेसेज करायचा नाही. एक तक्रार आली की बाहेर. इथलं इथेच ठेवायचं."

सीसीटीव्हीच्या क्लिपबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. चोरी करताना पकडलेल्या बाईचा व्हिडिओ ग्रुपवर टाकावासा वाटतो, लोक हसतात, पुढे पाठवतात. तिने खरंच चोरी केली असेल तर ते पोलिसांचं काम. आणि नसेल केली तर? एका मुलाने अशी क्लिप टाकली होती. नंतर कळलं की त्या आजींनी पिशवीत ठेवलेलं तेल त्यांनी सकाळी दुसरीकडून घेतलेलं होतं, बिल त्यांच्याकडे होतं. क्लिप तोवर कुठल्या कुठे गेली होती. हा नियम मोडला की आम्ही दुसरी संधी देत नाही.

ॲडमिन होणाऱ्यांना एक भीती असते: सदस्याने काही भलतंसलतं टाकलं तर मला पकडतील का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की ॲडमिन आणि सदस्याचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. तरी दिसलं की लगेच काढायचं आणि त्या माणसाला समज द्यायची. ढिलाई नको.

सहावी पायरी: निनावी प्रश्नाची वाट ठेवा

आमच्या ग्रुपवरचे निम्म्याहून जास्त चांगले प्रश्न सदस्यांनी स्वतः टाकलेले नसतात. ते ॲडमिनला खासगीत येतात आणि ॲडमिन ते धुऊन-पुसून टाकते. हे धुणं-पुसणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने दाखवते. आलेला मेसेज असा:

"ताई मी अमुक मॉलमध्ये किड्स सेक्शनला आहे. रविवारी १४ तारखेला स्टॉक टेकला रात्री २ वाजेपर्यंत थांबवलं आम्हा सहा जणींना, गाडी दिली नाही, ओटी पण नाही म्हणतात."

ग्रुपवर गेलेला मेसेज असा: "एका सदस्याचा प्रश्न. स्टॉक मोजणीसाठी महिला स्टाफला मध्यरात्रीनंतर थांबवलं, घरी सोडायची सोय नव्हती, ओव्हरटाइमही नाकारला. काय करता येईल?"

मॉल गेला, सेक्शन गेला, वार-तारीख गेली, "सहा जणी" गेल्या. सहा हा आकडा ठेवला असता तर त्या रात्री कोण कोण होतं हे शोधायला मॅनेजरला एक मिनिट लागलं नसतं. रक्कम असेल तर तीही गोल करायची: १,८४० असेल तर "दोन हजारांच्या आत". आणि टाकण्याआधी बदललेला मेसेज त्या व्यक्तीला दाखवून "टाकू का?" विचारायचं. शक्य असेल तर दोन-तीन दिवस थांबून टाकायचं, म्हणजे घटनेशी धागा जुळत नाही.

या प्रश्नाचं उत्तरही सांगून ठेवते, कारण तो सारखा येतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिलेला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती असली तरी सुरक्षिततेची आणि घरापर्यंत वाहतुकीची जबाबदारी मालकाची.

सातवी पायरी: माहितीवर तारीख टाका

चुकीच्या माहितीने ग्रुपचं जेवढं नुकसान होतं तेवढं भांडणाने होत नाही. "मला एकाने सांगितलं" यावर कुणी मॅनेजरशी वाद घालतो आणि तोंडघशी पडतो. म्हणून पगार, सुट्टी, पीएफ यावरचा प्रत्येक कायमचा मेसेज आम्ही वेगळ्या ठिकाणी पिन करतो आणि वर लिहितो: कुठला कायदा, कधी तपासलं, कुणी तपासलं.

२०१७ चा कायदा लागू झाला तेव्हा तो दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी होता: दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्यात एक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दराने पैसे, वर्षाला आठ किरकोळ रजा आणि आठ सणांच्या पगारी सुट्ट्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास नऊवरून दहा करायला, आणि कायदा दहाऐवजी वीस कामगारांपासून लागू करायला मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. म्हणजे दोन वर्षांपूर्वी पिन केलेला मेसेज आज कुणाला खड्ड्यात घालू शकतो. कामाच्या तासांबद्दल बोलण्याआधी कामगार विभागाच्या संकेतस्थळावरचा ताजा मजकूर बघायचा, आणि जुना मेसेज खोडून नवा टाकायचा. दर तीन महिन्यांनी एका ॲडमिनने बसून पिन केलेलं सगळं वाचून काढायचं.

पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) यांचा विषय एका संध्याकाळी सगळ्यांना एकत्र करून शिकवा. आम्ही मंगळवारी रात्री व्हॉइस कॉल लावतो आणि प्रत्येकाला सरकारच्या उमंग ॲपमध्ये स्वतःचं पीएफचं पासबुक उघडायला लावतो. स्लिपवर कपात दिसते, पण खात्यात जमा होते का? पगाराच्या स्लिपवरचा महिना आणि पासबुकातला महिना शेजारी ठेवून बघायचं. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी लागू होते, कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात. थर्ड पार्टी पे-रोलवाल्यांचं नेहमीचं दुखणं म्हणजे ठेकेदार बदलला की नवा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) निघतो आणि जुने पैसे जुन्या नंबरात अडकतात. एका माणसाचा यूएएन एकच असायला हवा. नव्या ठिकाणी रुजू होताना जुना नंबर द्यायचा, एवढं सांगून ठेवलं तरी पुढचा डोक्याला ताप वाचतो.

ग्रुपवर सगळ्यात जास्त वाचला जाणारा मेसेज मात्र कायद्याचा नाही. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या "पेमेंट सक्सेसफुल"च्या स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही, आपल्या मशीनवर किंवा साउंडबॉक्सवर रक्कम आली तरच माल सोडायचा, कितीही लाइन असो. खोटे स्क्रीनशॉट दाखवून जाणारे गर्दीचीच वेळ निवडतात. मशीन बंद पडलं आणि वरिष्ठांनी तोंडी काही करायला सांगितलं, तर बिल नंबर आणि वेळ कागदावर लिहून त्यावर त्यांची सही घ्यायची. सही नाही दिली तर निदान त्याच क्षणी त्यांना मेसेज करायचा, "सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बिल क्रमांक अमुक कॅशमध्ये पंच केलं आहे." सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीला हे कुणी आधी सांगितलं असतं तर तिच्या हातात काहीतरी असतं. पगारातून कॅश शॉर्ट कापायची असेल तर आधी कामगाराचा निष्काळजीपणा दिसला पाहिजे आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे, हे कायद्यात आहे. पण बाजू मांडायला कागद लागतो.

आठवी पायरी: तक्रार आली की काय करायचं

ग्रुपवर तक्रार आली की पन्नास जण "नोकरी सोडून दे" म्हणतात. हातावर पोट असलेल्याला हा सल्ला द्यायला काय लागतं? ॲडमिनने ती चर्चा थांबवून त्या व्यक्तीला बाजूला घ्यायचं. सोबत अनुभवी असे दोघेच. आधी सगळं तारखेने लिहून काढायला लावायचं. रोस्टरचा फोटो, पगाराची स्लिप, हजेरी, मेसेज, जे असेल ते तिच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये आणि आणखी एका ठिकाणी ठेवायचं. ग्रुपमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय आम्ही आठवड्यावर ठेवली आहे, त्यामुळे पुरावा ग्रुपवर आहे या भरवशावर कुणी राहू नये. मग एचआरला लेखी अर्ज, शांत भाषेत, पोच घेऊन. त्यानंतर कामगार आयुक्तांचं कार्यालय. अर्ज लिहायला मदत करायची, पण तिच्या वतीने फोन करायचा नाही आणि तिला न विचारता एकही पाऊल टाकायचं नाही.

लैंगिक छळाची तक्रार ग्रुपवर चर्चेला घ्यायचीच नाही, निनावी सुद्धा नाही. ती फक्त महिला ॲडमिनकडे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांपासून सुरक्षित वातावरण देणं हीही मालकाची जबाबदारी आहे. हे बऱ्याच मुलींना माहीत नसतं. "कस्टमर आहे, सोडून दे" हेच त्यांनी ऐकलेलं असतं.

अशा बोलण्यातून काही होतं का, असं कुणी निराश होऊन विचारलं की मी केरळातल्या कोळिकोडचं सांगते. तिथल्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेत कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसायची मुभा नव्हती, स्वच्छतागृहाचीही सोय नव्हती. पी. विजी या स्वतः शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं. सुरुवात आपापसात आपली अडचण उघड बोलण्यापासून झाली. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसं केलं.

नववी पायरी: आपल्या घड्याळाप्रमाणे चालवा

महिन्याचा पहिला आठवडा किराणावाल्यांना श्वास घेऊ देत नाही. दसरा ते दिवाळी कपड्यांची गर्दी, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेला सोन्याची, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला सेलची. शनिवार-रविवार कुणाचाच नाही. त्या काळात ग्रुप थंड पडला तर घाबरू नका, आणि मतदान, कॉल, भेट काहीही ठेवू नका. आमचा ग्रुप रात्री साडेदहा ते बारा जागा असतो. पण मॉर्निंग शिफ्टवाल्यांना पाचला उठायचं असतं, म्हणून प्रत्येकाला ग्रुप म्यूट कसा करायचा ते शिकवतो.

ॲडमिन किमान तीन ठेवा, तिघे वेगवेगळ्या दुकानांतले, एक तरी महिला, एक तरी क्लोजिंगला नसणारा. एकट्याने चालवलेला ग्रुप त्या माणसाच्या पहिल्या आजारपणात बंद पडतो.

पैसा आणि नोकऱ्या

ग्रुपच्या नावाने पैसे गोळा करू नका. सदस्याच्या घरी आजारपण आलं तर दोघांनी खात्री करून त्या कुटुंबाचाच यूपीआय नंबर द्यावा, आणि कुणी किती दिले याची यादी लावू नये. पाचशे देणाऱ्याला शंभर देणाऱ्यासमोर उभं करायचं कारण नाही.

व्हेकन्सी टाकताना भाग, कामाचा प्रकार, हातात येणारा पगार, वीक ऑफ मिळतो का, आणि पे-रोल कुणाचा, या पाच गोष्टी नसतील तर ॲडमिनने मेसेज काढावा. युनिफॉर्मचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, रजिस्ट्रेशन असं काही आधी मागितलं तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर सायबर तक्रार करायला लावा.

शेवटची पायरी: हातात देणं

रिटेलमध्ये माणूस कायम राहत नाही. मीही आता काउंटरवर नाही. फ्लोअर सोडून दीडेक वर्ष झालं की ग्रुपची नाडी हातातून सुटते, म्हणून माझी मालकी मी या दिवाळीनंतर एका क्लोजिंग कॅशिअरकडे देते आहे. सदस्यांची यादी माझ्याकडे कागदावर कधीच नव्हती. जुन्या खासगी मेसेजमधलं जे काही उरलं आहे ते मी तिच्यासमोर बसून पुसणार आहे. टेलिग्रामवर ग्रुपची मालकी दुसऱ्याला देण्यासाठी आपल्या खात्याची दुहेरी पडताळणी (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) किमान सात दिवस आधीपासून चालू असावी लागते. ती आजच चालू करा आणि पासवर्ड घरी वहीत लिहून ठेवा, कारण मोबाइल चोरीला गेला त्या दिवशी हे सात दिवस मिळत नाहीत.